पाठमोरं माप

चंद्रपूरला जर्मन शिकत होते तेव्हाची गोष्ट. मी एका खासगी दवाखान्यात कंत्राटी नर्स होते, सकाळपाळी संपली की तीन ते पाच क्लास. बसस्टँडपासून दहा मिनिटांवर एक ऑफिस होतं. पुढच्या खोलीत टेबल, लोखंडी कपाट आणि ते ऑफिस चालवणारा माणूस; मागच्या खोलीत आम्ही पंधरा-सोळा पोरी, एक फळा आणि सर. ऑफिसवाल्याला सगळे भाऊ म्हणायचे. आम्हाला नर्स म्हणून जर्मनीला पाठवायचं काम त्याचं, तोवर भाषा शिकवायचं काम सरांचं. सर ऊर्जानगरला राहायचे, थर्मल वीजकेंद्रातून इंजिनीअर म्हणून रिटायर झालेले. तरुणपणी परदेशी मशीन बसवायला जे लोक यायचे त्यांच्या मागंमागं फिरून ते जर्मन शिकले होते. माणूस चांगला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्यावर भडकणार आहे.

त्या दिवशी धडा बाजाराचा होता. सरांनी फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहिला, टाउशहांडेल. मग मधोमध एक उभी रेघ मारून त्याचे दोन तुकडे केले. हांडेल म्हणजे व्यापार, आणि त्याच्या मुळाशी हांट, म्हणजे हात. हातात धरणं, हाताळणं, हातांनी काम करणं, असं करत करत तो शब्द व्यापारापर्यंत पोचला. टाउश म्हणजे अदलाबदल. दोन्ही जोडले की वस्तूला वस्तू. सरांना असे शब्द सोलायला फार आवडायचं. परीक्षेला काही कामाचं नसायचं ते, पण आम्ही ऐकायचो.

मग त्यांना उदाहरण हवं झालं. म्हणाले, ‘आपल्याकडं नाही का, एटापल्ली-भामरागडकडचे भोळे आदिवासी मिठाच्या बदल्यात तेवढीच चारोळी देऊन टाकायचे. बिचाऱ्यांना भावच माहीत नव्हता.’

वर्ग हसला. कुणी कुचकं हसलं नाही, ‘अरेरे, बिचारे’ असं हसल्या सगळ्या. पोंभुर्ण्याची एक पोरगी तर माझ्याकडं बघून च्यक् च्यक् करायला लागली, कारण मी तिकडचीच हे तिला माहीत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वही बंद करून टाकावी आणि तोंडावर काहीतरी फाडकन बोलावं असं वाटलं. पण खाली मान घालून ‘टाउशहांडेल’ चार वेळा वहीत लिहिलं, तेही स्पेलिंग चुकवून.

आणि सर पुढं बोलतच होते. म्हणाले, आता गंमत ऐका. हा जो टाउश आहे ना, तो जुन्या जर्मनमध्ये अदलाबदल नव्हताच. त्याचा अर्थ होता फसवणं, थापा मारणं, गोड बोलून गळ्यात मारणं. घोड्यांचे व्यापारी बाजारात घोड्याला घोडा बदलायचे आणि बदलताना म्हातारं जनावर तरणं म्हणून खपवायचे. लोक त्याला फसवणं म्हणायचे. म्हणता म्हणता तोच शब्द साध्या अदलाबदलीला चिकटला आणि त्याचा वाईट वास उडून गेला. त्याचा सख्खा भाऊ, टॉयशेन, अजून त्या भाषेत आहे आणि तो अजून फसवणंच आहे.

सगळ्यांना मजा वाटली. मी मात्र बसल्या जागी पेटत होते. म्हणजे तिकडं बाजारात जे झालं त्याचं नाव फसवणाऱ्याच्या करणीवरून पडलं. आमच्याकडं तोच बाजार, तीच अदलाबदल, आणि नाव कुणाला पडलं? आम्हाला. भोळे. ज्यानं लुटलं त्याला काहीच नाव नाही, तो आपला नुसता व्यापारी.

तो व्यापारी मी पाहिलाय. सात-आठ वर्षांची असेन. उन्हाळ्यात आमच्या गावच्या बाया चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, फळं गोळा करायच्या, भिजवून टोपल्यावर घासून गर काढायच्या, बिया वाळवायच्या, जात्यात हलक्या हातानं भरडायच्या आणि सुपानं पाखडून आतली चारोळी वेगळी करायच्या. एक पायली चारोळी निघायला आईचे किती दिवस जायचे ते मी पाहत होते. तिची बोटं पार सोलून निघायची. बाजाराच्या दिवशी तो व्यापारी गाडीत मिठाची पोती घालून यायचा. एक माप चारोळी, एक माप मीठ.

इथं आमच्या गावची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात अदलाबदल पाठमोरी होते. माझी शेजारीण मला तूर मोजून देत असेल तर मी तिच्याकडं पाठ करून बसायचं. माझी पाळी आली की तिनं पाठ करायची. दुसऱ्याच्या मापाकडं डोळे लावून बसणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. दोघंही पाठ करतात म्हणून दोघंही बरोबर मोजतात, एवढं साधं आहे ते. यात भोळं काय आहे? मला तर फार हुशारीचं वाटतं.

व्यापाऱ्याला ही रीत पक्की ठाऊक होती, आणि तो तिच्यावर जगत होता. आई चारोळी मोजायला लागली की तो डोळे फाडून बघायचा. बघायचा काय, तिच्या हातातलं माप ओढून घेऊन स्वतः भरायचा, हलवून हलवून दाबायचा आणि वर शीग लावायचा. मिठाची पाळी आली की आई रीतीप्रमाणं पाठ करून बसायची. तो कधी एकदाही पाठमोरा झाला नाही.

त्या वर्षी मी वळून पाहिलं. त्याच्या हाताचा अंगठा मापाच्या आत होता, पार मुळापर्यंत, आणि मीठ वरून हातानं सपाट केलेलं. मी आईला हलवून म्हणाले, बघ, बघ. आईनं पाहिलं नाही. तिनं मला थोबाडीत मारली, सगळ्या बाजारासमोर. व्यापारी हसला आणि म्हणाला, ‘जाऊ दे ना बाई, लेकरू हाय.’

ती थोबाडीत मी वीस-बावीस वर्षं सांभाळली. त्या अंगठ्यापेक्षा मला आईचा राग जास्त होता. ज्यानं चोरी केली त्याला सोडून मला मारलं, काय तर म्हणे रीत. आश्रमशाळेत असताना, नर्सिंगला असताना, कधीही मिठाची बरणी उघडली की मला ते आठवायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि एवढं सगळं डोक्यात असताना मी काय केलं ते ऐका.

क्लासला नाव घातलं तेव्हा ऑफिसवाल्या भाऊनं मूळ कागद मागितले होते. दहावी, बारावी, नर्सिंगची मार्कशीट, नोंदणी, जातीचा दाखला आणि जात वैधता. वैधतेचा कागद काढायला माझी साडेतीन वर्षं गेलेली. गडचिरोलीच्या चकरा, आजोबाच्या जन्माचा पुरावा, कोतवालाच्या बुकातली नक्कल, साहेब आज नाहीत, उद्या या. तो एक कागद म्हणजे माझा जीव होता. भाऊ म्हणाला, ‘वर पाठवायले लागतात ना ताई, आठ दिवसांत वापस.’ त्यानं फाइल घेतली, कपाट उघडलं, आणि मी तोंड फिरवलं.

होय. भिंतीवरच्या पोस्टरकडं बघत बसले. बर्फ, लाल कौलांची घरं, गोरी हसणारी नर्स. तो माझी फाइल कुठल्या खणात ठेवतो, काही लिहून घेतो का, पावती फाडतो का, काही म्हणून बघितलं नाही. बघणं बरं दिसत नाही असं वाटलं. मी, जी आईवर वीस वर्षं दातओठ खात होते. कपाटाला कुलूप लागल्याचा आवाज आला तेव्हाच मी मान वळवली आणि वर त्याला थँक्यू म्हणाले.

आठ दिवसांचे आठ महिने झाले. जर्मनीचं आज होते, उद्या होते. तेवढ्यात सरकारी स्टाफ नर्सच्या भरतीची यादी लागली आणि माझं नाव आलं. आमच्याच जिल्ह्यात, कायमची नोकरी. सोमवारी गडचिरोलीला कागदपत्रांची पडताळणी, मूळ कागद घेऊन यायचं, नाही आणले तर खालच्या नंबरवालीला बोलावणार. मला जर्मनी वगैरे काही नको होतं खरं म्हणजे, कायमचं काही नव्हतं म्हणून मी तिकडं निघाले होते. गुरुवारी मी ऑफिसात जाऊन फाइल मागितली.

भाऊनं एक छापील कागद पुढं सरकवला. म्हणाला, ‘यावर सही करून द्या का पुढच्या बॅचसोबत तुम्ही जाणारच. तीन वर्षं तिकडं. मंग देतो कागद.’

मी म्हणाले, मला जायचंच नाही.

‘मंग कोणते कागद? पावती दाखवा.’

हे तो इतक्या शांतपणे बोलला की मला आधी कळलंच नाही. कपाट त्याच्या मागं होतं, माझ्यापासून दोन हातांवर. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या पोलिसांत जा. पावतीशिवाय तिथं जाऊन काय सांगू? की मी पाठ करून बसले होते? शुक्रवारी पुन्हा गेले, तेव्हा तो फोनवर बोलत राहिला आणि हातानंच जा म्हणाला.

मी आईला फोन केला. रडायला केला नव्हता, भांडायला केला होता.

शनिवारी सकाळी ती आली. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांमागं गाडी अडकली म्हणून दोन तास उशीर, लुगड्यावर लाल धूळ. स्टँडसमोरच्या ठेल्यावर मी तिला तर्री-पोहे घेऊन दिले आणि ती खात असतानाच सगळं ओकले. आम्ही दोघी गोंडी बोलतो, पण तिचं बोलणं मी इथं तिच्या बाजारच्या मराठीत लिहिते, ती मराठी तिला शोभते.

मी म्हणाले, ‘हे तुझ्यामुळं झालं. तूच शिकवलं तोंड फिरवायले. मी पाहिलं तर मले मारलं. काऊन मारलं?’

‘तू पाहिलं म्हणून.’

‘त्याचा अंगठा होता मापात.’

‘मले माहीत होतं,’ आई म्हणाली.

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती पोह्यातला चणा वेचून खात होती.

‘दरवर्षी माहीत होतं. समद्या बायांले माहीत होतं. टोपल्यात मीठ पडते तर आवाजावरून समजते ना, भरलं का नाई.’

‘मंग बोलली काऊन नाई?’

‘पावसाळा तोंडावर होता. नाला भरला का चार महिने कोणी येत नाई. मीठ त्याच्याच जवळ. तू पाहिलं हे त्याले खटकलं असतं तर पुढच्या बाजारी त्यानं गाडी आणली नसती. मंग काय खाऊ घातलं असतं तुले? अळणी आंबील?’ तिनं हात धुतला, पदराला पुसला. ‘तुले मारलं तवा तो हसला. हसला म्हणजे झालं. मीठ आलं.’

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. राग गेला नाही, उलट वाढला, पण आईवरून उठून दुसरीकडं गेला. इतकी वर्षं मी समजत होते की माझी आई रीतीत अडकली. ती तर रीतीचं नुसतं पांघरूण घेऊन बसली होती, खाली सगळा हिशोब तिला पाठ. आणि ह्या लोकांनी तिला भोळी ठरवलं. भावच माहीत नव्हता म्हणे. भाव माहीत होता हो, दुसरा मीठवाला नव्हता.

मी विचारलं, आता काय करू.

‘चाल,’ आई उठली. ‘आता मीठ दुकानात भेटते.’

ऑफिसात भाऊ होता. आई टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली. कपाटाकडं तोंड करून बसली आणि बघायला लागली. भाऊनं विचारलं, या कोण. मी म्हणाले, माझी आई. तो गोड झाला. ‘चहा घ्या बाई.’ चहा आला, आईनं हात लावला नाही. तो म्हणाला, ‘पोरीले समजावा, चांगलं भविष्य हाय.’ आई म्हणाली, ‘कागद काढ.’ तो परत पावतीवर आला. आई नुसती कपाटाकडं बघत राहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मीही तिच्याशेजारी बसून बघायला लागले. आधी लाज वाटली. मग वाटेनाशी झाली.

अकराच्या सुमारास एक बाप आपल्या पोरीला घेऊन आला. पोरीच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती. भाऊनं उठून त्यांना बसवलं आणि फाइलसाठी हात पुढं केला.

‘थांब,’ आई त्या बापाला म्हणाली. ‘माझ्या पोरीचे कागद त्या कपाटात हायेत. हा देत नाई. तुले देयाचे असन तर दे, पण त्याच्या हाताकडं पाहून दे.’

बापानं फाइल मांडीवर ठेवली. भाऊ म्हणाला, यांचं जरा वेगळं मॅटर आहे. बाप म्हणाला, ‘असू द्या. यांचं होऊ द्या आधी, आम्ही बसतो.’ आणि बसला. मग अजून एक बाई आली, तिच्याबरोबर भाची. आईनं तिलाही तेच सांगितलं, त्याच आवाजात, जसं कुणाला गाडी कधी सुटते ते सांगावं. ती बाईही बसली. आता सहा जण कपाटाकडं बघत होते. भाऊनं आईला म्हटलं, ‘बाई, तुम्ही माझा धंदा खराब करून राहिल्या.’ आई म्हणाली, ‘मी तर नुसती पाहून राह्यली.’

बारा वाजायच्या आत त्यानं कपाट उघडलं. माझी फाइल वरच्याच खणात होती. त्यानं ती टेबलावर आपटली. ‘घ्या. नीट मागितले असते तर तवाच दिले असते.’

मी त्याच्यासमोर एकेक कागद काढला. दहावी, बारावी, मार्कशीट, नोंदणी, दाखला, वैधता. एकदा पाहिलं, परत पाहिलं, मागून उजेडात धरून शिक्का पाहिला. तो चुळबुळत होता आणि मला घाई नव्हती. निघताना मी त्या बापाला म्हणाले की पावतीशिवाय काही देऊ नका. तो पोरीला घेऊन आमच्या मागोमाग बाहेरच पडला.

जिन्यात सर भेटले, शनिवारचा जादा क्लास घ्यायला येत होते. झालेलं ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, मला ठाऊक नव्हतं हो. मी म्हणाले, ‘सर, ही माझी आई. मिठाला चारोळी देणारी. हिला भाव माहीत होता. पुन्हा वर्गात भोळे म्हणू नका.’ माझा आवाज चढला होता, आईनं माझा दंड धरला. सर चष्मा पुसत म्हणाले, ‘अगं, मी आपलं उदाहरण म्हणून दिलं होतं.’

उदाहरण! म्हणजे आम्ही फसायचं तेही दुसऱ्याला शब्द समजावा म्हणून. आईची बस होती, मी तिला घेऊन जिना उतरले.

सोमवारी पडताळणी झाली. नोकरी लागली. आता गावापासून तासाभरावरच्या दवाखान्यात आहे, सुट्टीला घरी जाते. पावती घेतल्याशिवाय कुणाला झेरॉक्सही देत नाही. दुकानदार काटा लावतो तेव्हा वाकून बघते. लोक मला खडूस सिस्टर म्हणतात, म्हणू देत.

गेल्या उन्हाळ्यात घरी होते. शेजारची काकी लाखोळीची डाळ घेऊन आली, तिला वाळलेली मोहफुलं हवी होती. ती अंगणात येऊन बसली, मी पायलीनं मोहफुलं मोजून तिच्या टोपलीत टाकली, ती पाठ करून बसलेली. मग तिची पाळी आली. आई दारात बसली होती, ती आपोआप पलीकडं वळली. काकीनं पायली डाळीत बुडवली.

मी बघत होते. तिच्या अंगठ्याकडं. अंगठा मापाच्या बाहेर होता, कडेला धरलेला, म्हातारा, नख काळं पडलेलं. ह्या बाईनं मला लहानपणी अंगावर खेळवलंय. मला तोंड फिरवायचं होतं. देवाशपथ, फिरवायचं होतं, आणि मान वळेना.

काकीला माझी नजर जाणवली. तिनं हात थांबवून माझ्याकडं पाहिलं. भरलेली पायली माझ्या टोपलीत रिकामी केली. मग तिनं ओंजळभर डाळ आणखी उचलली आणि वर टाकली. आणि आणखी एक ओंजळ. टोपली माझ्याकडं सरकवून म्हणाली, ‘बघ, झालं का बरोबर?’

आई अजून पाठमोरीच होती.